मागे पडणारी वैजयंती

निंदणाला बसलेल्या बायांमध्ये वैजयंती सुरुवातीला कधीच मागे नसायची. पात, म्हणजे पिकाची ओळ, धरली की तिचा हात सगळ्यांत जलद चालायचा. गवत मुळासकट उपटून मागे टाकत ती भरभर पुढे सरकायची. मग पात निम्मी व्हायच्या आतच तिचा श्वास वर अडकायचा, पाठीतून घाम फुटायचा आणि एक एक बाई तिच्या बाजूनं पुढे निघून जायची. टोळी जमवणारी भागिरथा पलीकडच्या धुऱ्याला, बांधाला पोचून कंबर सरळ करायची आणि ओरडायची, "आल्या का वं महाराणी?" बाया हसायच्या. वैजयंतीही हसायची. उत्तर द्यायला तिच्याजवळ श्वास नसायचा.

तिचं माहेर किन्हीराजा. तिथं तिला कुणी आळशी म्हटलं नाही, नाजूक म्हटलं. दर हिवाळ्यात तिची छाती भरायची, माय लसूण कडकडवलेलं तेल चोळायची आणि फाल्गुनापर्यंत पोरगी पुन्हा उभी राहायची. शाळेत धावण्याच्या शर्यती लागल्या की गुरुजी तिला पोरींच्या चपला सांभाळायला बसवत. तिला त्याचं काही वाटत नसे. सगळ्यांच्याच छातीत एवढं धडधडतं, फक्त बाकीच्या पोरी ते सोसतात आणि आपण सोसत नाही, अशी तिची समजूत होती.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती अनसिंगच्या पुढच्या एका खेड्यात आली. नवरा प्रसेनजित दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सासरा आधीच गेलेला. सासू लिलाबाई, तिला वैजयंती मामी म्हणे. लिलाबाईनं पोटचं लेकरू पाठीला बांधून मजुरी केली होती, विहिरीच्या कामावर गाळाच्या टोपल्या वाहिल्या होत्या, आणि बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती तुरी कापायला गेली होती. अशा बाईला घरात धाप लागून बसणारी सून आली. तिनं पहिले दोन महिने वाट पाहिली, मग तोंड उघडलं.

"काई दुखते काय तुले?"

"नाई, मामी."

"मंग बसली काहून?"

खरोखरच काही दुखत नव्हतं. ताप नव्हता, गाठ नव्हती, जखम नव्हती. हंडा भरून आणला की ओट्यावर टेकल्याशिवाय तिच्यानं आत जाववत नसे, एवढंच.

पोरगी झाली, निकिता, तेव्हा वैजयंती वाचली हेच खूप, असं सुईणबाई म्हणाली. त्यानंतर तीन वर्षांनी दिवस राहिले, पण पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. पुन्हा काही राहिलं नाही. आता आळशीपणाला एकुलत्या पोरीची जोड मिळाली. लिलाबाई भांडी आपटत बोलायची, प्रसेनजित मान खाली घालून ऐकायचा आणि ट्रॅक्टरची किल्ली घेऊन बाहेर पडायचा. तो वाईट नव्हता. त्याला दोघींपैकी कुणालाच काही म्हणता येत नव्हतं, आणि न म्हणण्याची त्याला सवय लागली.

सगळ्यांत वाईट गोष्ट अशी की वैजयंतीला ते पटलेलं होतं. आपल्या अंगात आळस आहे, मनाला वळण नाही, असं ती स्वतःला सांगायची. लोकांच्या आधी पोचावं म्हणून ती शेताला लवकर निघायची आणि वाटेत तीनदा बसून सगळ्यांबरोबरच पोचायची. कुणी सांगितलं म्हणून गूळ-शेंगदाणे खाल्ले, कुणी सांगितलं म्हणून भात सोडला. रविवारी विहारात वंदनेला बसली की डोळे मिटून निश्चय करायची, उद्यापासून मागे पडायचं नाही. सोमवारी पुन्हा भागिरथाची हाक यायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गावातल्या बाया पांढरी पातळं नेसून वेशीपासून वेशीपर्यंत नाचत जायच्या. वैजयंती पहिल्या चौकापर्यंत जायची आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून टाळ्या वाजवायची.

डॉक्टर करून झाले नाहीत असं नाही. एकानं सलाईन लावली आणि अशक्तपणा म्हटला. दुसऱ्यानं रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या. मंगरूळपीरला तिसऱ्यानं दमा सांगितला आणि तोंडात ओढायचा पंप दिला. पंप ओढला की हात थरथरायचे, धाप तेवढीच राहायची. लिलाबाई म्हणाली, "औषिध बी हिच्यावानीच, कामाचं नाई."

मग गेल्या वर्षीची सोयाबीनची सोंगणी आली.

ऊन कडक होतं आणि वावर मोठं होतं. भागिरथाच्या टोळीत एक बाई कमी पडली म्हणून वैजयंतीला घेतलं होतं. दुपारी जेवून बाया पुन्हा पातीला लागल्या. थोड्या वेळानं कुणीतरी मागे वळून पाहिलं तर वैजयंती धुऱ्यावर आडवी पडलेली. ओठ जांभळे, नखं जांभळी, डोळे अर्धे मिटलेले.

"पान लागलं वं हिले! पान लागलं!" भागिरथा किंचाळली. तिकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत.

बायांनी पदर फाडून तिच्या पायाला आवळून बांधला. प्रसेनजित दोन वावरं पलीकडे होता, तो धावत आला. मालकाच्या गाडीत घालून तिला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात आणलं. भागिरथा सोबत आली होती. वाटभर ती वैजयंतीच्या गालावर चापट्या मारत होती, "झोपू नको, ए पोट्टे, झोपू नको."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं पायावरचं फडकं सोडलं, दोन्ही पाय बोटाबोटानं तपासले, दात कुठंच उमटलेले नव्हते. मग तिनं वैजयंतीचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं पाहिली. टोकं फुगीर झाली होती, ढोलाच्या काडीच्या टोकासारखी.

"यांची बोटं अशी कधीपासून आहेत?"

प्रसेनजितनं बायकोच्या बोटांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं ती पाहिली नव्हती. "म्हाईत नाई, मॅडम."

डॉक्टरीणबाईनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "यांना साप चावलेला नाही. हा निळेपणा आजचा नाही. यांना नागपूरला न्या."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्यांमध्ये बरेच दिवस गेले. फोटो झाला, जेल लावून छातीवर यंत्र फिरवलं, मांडीतून बारीक नळी घालून थेट हृदयापर्यंत नेली आणि आतला दाब मोजला. शेवटी पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि कागदावर एक घर काढलं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या.

"वरच्या दोन खोल्यांमध्ये भिंत असते," ते म्हणाले. "आईच्या पोटात ती भिंत बांधून पूर्ण होते. तुमची पूर्ण झालीच नाही. मध्ये भोक राहिलं. जन्मापासून आहे हे."

"भोक?" प्रसेनजितनं विचारलं. "दिलाले?"

"हो. त्यामुळं फुप्फुसांकडं गरजेपेक्षा जास्त रक्त जात राहिलं, वर्षानुवर्षं. त्यांनी कसं काम केलं इतकी वर्षं, मला कळत नाही. दुसरं कुणी कधीच खाटेला खिळलं असतं."

वैजयंती एकदम पुढे सरकली. "काय म्हनलं, साहेब?"

"म्हटलं, तुम्ही काम कसं केलंत?"

डॉक्टर पुढे सांगत राहिले, प्रसेनजित मान हलवत राहिला. तिच्या कानात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. मग तिनं मधेच विचारलं, "भोक बुजवता येते?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लहानपणी कळलं असतं तर बुजवलं असतं. आता तर छाती उघडावीही लागत नाही बऱ्याचदा. तरुणपणी कळलं असतं तरीही झालं असतं. पण आता तुमच्या फुप्फुसांच्या नळ्या आवळून कडक झाल्यात. आतला दाब फार वाढलाय. कुकरला शिट्टी असते ना, तसं ते भोक आता काम करतंय. ते बंद केलं तर हृदय तो दाब सोसणार नाही."

"म्हंजे नाई."

"नाही. गोळ्यांनी दाब थोडा कमी ठेवता येईल. जड काम बंद. पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि मुलं किती तुम्हाला?"

"एक पोरगी."

"एकदा तपासून घ्या तिला. बहुतेक नसतं मुलांमध्ये, पण कधीकधी असतं."

बाहेर व्हरांड्यात माणसं सतरंज्या टाकून पडली होती. प्रसेनजितनं तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"म्हंजे मी आळशी नव्हती," ती म्हणाली.

प्रसेनजित तिच्याशेजारी खाली बसला.

"आयकलं ना तुमी? साहेब काय म्हनले? दुसरं कोनी खाटेवर पडलं असतं म्हने." तिला धाप लागली तरी ती थांबेना. "मी आळशी नव्हती. इतकी वर्सं मी सोताले शिव्या देल्या, वो. मले वाटे माह्यातच खोट हाय."

आणि मग ती रडायला लागली. भोक कायमचं राहणार याचं रडणं होतं की आळशी नसल्याचं, ते प्रसेनजितला कळलं नाही. बाजूच्या सतरंजीवरची बाई उठून बसली. प्रसेनजितनं आपलं तोंड गमछ्यात झाकून घेतलं. त्यानं तिला कधी आळशी म्हटलं नव्हतं, पण तू आळशी नाहीस असंही कधी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं. लिलाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिलाले भोक असतं तं मानूस इतकी वर्सं जगते का? डॉक्टर लोकाइचं काय, ते काईबी सांगतात." पण त्या दिवसापासून पाण्याचा हंडा ती स्वतः उचलू लागली. तोंडानं मात्र काही कबूल केलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. प्रसेनजित पहिल्यांदा गोळ्या आणायला गेला तेव्हा अनसिंगच्या मेडिकलवरच्या पोराला त्या गोळीचा दुसराच, पुरुषांसाठीचा उपयोग ठाऊक होता. तो गालातल्या गालात हसला. प्रसेनजितचे कान लाल झाले. "बायकोसाठी हाय," तो म्हणाला, तेव्हा पोरगा आणखीच हसला. पुढच्या वेळेपासून प्रसेनजित वाशीमहून गोळ्या आणू लागला.

गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, मग पुन्हा तसंच. पण वैजयंतीचं स्वतःकडे लक्षच राहिलं नव्हतं. तिचे डोळे दिवसभर निकिताच्या मागे फिरत. पोरगी आठवीत होती. शाळेच्या खो-खो संघात होती, अंगणातून शाळेपर्यंत धावतच जायची. हिवाळ्यात तिलाही सर्दी व्हायची, पण ती तर सगळ्याच पोरांना होते. शाळेत तपासणीची गाडी आली होती तेव्हा निकिता नेमकी मामाच्या गावाला गेलेली. पोरगी झोपली की वैजयंती तिची बोटं उजेडात धरून पाहायची. बोटं सरळ होती, नखं गुलाबी होती. म्हणून तिचा जीव शांत व्हायचा का? नाही. तिला आठवायचं, आपलीही त्या वयात अशीच होती.

"तिले एकदा नेऊन आना ना, वो," ती नवऱ्याला म्हणायची.

"थे तं हरनीसारखी पयते. तिले काय होते?"

"साहेबानं सांगतलं ना."

"बहुतेक नसते, असंबी सांगतलं." प्रसेनजित वैतागायचा. तो थकला होता. एक दुखणं घरात होतं, दुसरं शोधायला जायची त्याची हिंमत नव्हती.

लिलाबाई तर उसळूनच उठली. "पोट्टीच्या नावावर दुखनं लावून ठेवतं का? उद्या तिले कोन करून घेईन? तुह्या दिलाले भोक, आता तिच्याबी दिलाले पाह्यजे का तुले?"

वैजयंतीनं विनवण्या केल्या, जेवण सोडलं, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. दिवस जात होते आणि तिला वाटत होतं की पोरीच्या छातीत एकेका दिवसानं काहीतरी आवळत चाललंय, आणि ते फक्त आपल्यालाच दिसतंय. शेवटी गावच्या आशा कार्यकर्ती साधनानं तिला सांगितलं की वाशीमला हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरून येतात आणि यंत्रावर तपासतात. प्रसेनजित तेव्हा नांगरणीसाठी ट्रॅक्टर घेऊन हिंगोलीकडे गेला होता. वैजयंतीनं सासूला सांगितलं, किन्हीराजाला जाऊन येते, माय आजारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूशी खोटं बोलली.

निकिताला वाटलं, मम्मीची तपासणी आहे. खो-खोचा सराव बुडाला म्हणून ती फुरंगटून बसली होती. ऑटोतून उतरून अनसिंगच्या स्टँडवर जाईपर्यंत वैजयंती दोनदा थांबली. एसटीच्या पायऱ्या तिला चढवेनात. निकितानं खालून ढकललं, कंडक्टरनं वरून हात दिला. वाशीमला दवाखान्याच्या फाटकापासून आतल्या इमारतीपर्यंतचं अंतर तिनं कसं कापलं, ते तिचं तिलाच ठाऊक. मधल्या लिंबाखाली तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पोरगी घाबरून म्हणाली, "मम्मी, परत जाऊ."

"नाई."

यंत्राच्या खोलीबाहेर गर्दी होती. दारावरच्या माणसानं वैजयंतीकडे पाहिलं आणि लगेच बाकावर जागा करून दिली. "बसा बाई, तुमचा नंबर लावतो."

"माह्या नाई. हिचा."

निकिता झटकन वळली. "माह्या? काहून?"

दारावरच्या माणसानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "आजचे नंबर भरले. पोरगी तं चांगली दिसते. पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात मी येऊ शकन का, दादा, सांगता येत नाई," वैजयंती म्हणाली. "आजच पाहा."

"नाही होत."

वैजयंती बाकावरून उठली आणि दारासमोर जमिनीवर बसली. लोक ओरडले, दारावरचा माणूस ओरडला. "मी उठत नाई," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम निघत होता. "मले उचलून फेका. माह्या पोरीले पाह्यल्याबिगर मी इथून उठत नाई." निकिता लाजेनं आणि भीतीनं रडायला लागली, आईचा हात ओढू लागली, "ऊठ ना मम्मी, लोक पाहून राह्यले."

गलबला ऐकून आतले डॉक्टर दार उघडून रागानं बाहेर आले. त्यांची नजर खाली गेली. निळे ओठ, फुगीर बोटं. ते काही बोलायच्या आत वैजयंतीनं त्यांच्या पायघोळ पांढऱ्या कोटाचं टोक धरलं.

डॉक्टरांनी विचारलं, "ही तुमची मुलगी?"

तिनं मान हलवली.

"आत आणा दोघींना."

आत काळोख होता आणि यंत्राचा पडदा उजळलेला. निकिता कुशीवर पडून राहिली. डॉक्टर बराच वेळ छातीवर यंत्र फिरवत होते. पडद्यावर काळ्यात पांढरं काहीतरी फडफडत होतं, मधूनच निळा-लाल रंग उसळत होता. नागपूरच्या पडद्यावर पाहिलेला तो रंग वैजयंतीनं ओळखला. डॉक्टर सांगायच्या आधीच ती भिंतीला धरून खाली बसली.

"आहे," डॉक्टर म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "पण ऐका. फुप्फुसांचा दाब अजून वाढलेला नाही. भोक मध्यभागी आहे, कडा चांगल्या आहेत. मांडीतून नळी घालून आत झाकण बसवतात. हे बंद होईल. सरकारी योजनेत होईल. ऐकताय ना?"

वैजयंती ऐकत होती आणि नव्हतीही. आपल्याला बरोबर वाटलं होतं याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या तोंडून एकच निघत होतं, "मीच देलं हे तिले. दुसरं काय देलं मी? हेच देलं."

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुम्ही दिलं असेल किंवा नसेल, ते कुणी सांगू शकत नाही. पण तुम्ही आज इथं बसला नसतात तर हे तिच्या तिशीत कळलं असतं. तुमच्यासारखं."

परतीच्या एसटीत निकिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. अनसिंगला उतरल्यावर ऑटोची वाट पाहताना तिनं विचारलं, "तुले म्हाईत होतं?"

"नाई. भेव वाटे."

"मंग मीबी तुह्यासारखी होईन?"

"नाई."

"तू खोटं बोलतं."

"आज सकायी खोटं बोलली मी, तुह्या आजीशी. तुह्याशी नाई बोलून राह्यली." वैजयंतीनं पोरीचा हात धरला. आपली जांभळी नखं तिला दिसू नयेत म्हणून तिनं मूठ मिटून घेतली. निकितानं ती उघडली आणि बराच वेळ पाहत राहिली.

घरी खोटं उघडं पडलंच. लिलाबाई ओरडली, कपाळ बडवलं. मग तिनं नातीला जवळ ओढलं आणि तिच्या छातीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. "कोठी हाय? मले तं काईच आयकू येत नाई. चांगलं तं वाजते." नंतर ती अंगणात जाऊन बसली, आणि दिवे लागले तरी आत आली नाही. प्रसेनजितला फोन गेला. तो म्हणाला, "मी येतो."

नागपूरची तारीख आली. वैजयंतीची तब्येत तोवर आणखी ढासळली होती. पायांवर सूज होती, आडवं पडलं की गुदमरायचं. पण ती जाणारच होती. पोरीच्या छातीत नळी जाईल आणि आपण तिथं नसू, ही गोष्ट तिच्या मनात मावत नव्हती. लिलाबाईनं पिशवी भरली, दशम्या बांधल्या, स्वतःही निघाली. साधना सोडायला आली. वाशीमच्या स्टेशनवर अकोल्याकडची गाडी पलीकडच्या फलाटावर लागली. मध्ये पूल होता.

पुलाच्या पायऱ्या वैजयंतीनं पाहिल्या. प्रसेनजितनं दंडाला धरलं, लिलाबाईनं पाठीला हात दिला. काही पायऱ्या झाल्या आणि ती खाली बसली. पायरीवर बसून ती तोंड उघडून हवा शोधत होती आणि हवा मिळत नव्हती. येणारे-जाणारे बाजूनं निघून जात होते. गाडीचा भोंगा झाला.

प्रसेनजित कधी बायकोकडे पाहायचा, कधी गाडीकडे. "मी थांबतो," तो म्हणाला. "तारीख पुन्हा घेऊ."

"जा!" वैजयंतीनं त्याला ढकललं. ढकलायला अंगात जोर नव्हता, पण तो हलला. "तारीख गेली तं... मी तुमाले... जा म्हन्ते ना मी!"

निकिता तिच्या गळ्यात पडली होती, सुटेना. लिलाबाईनं तिला ओढून सोडवलं आणि दोन-दोन पायऱ्या चढवत नेली. प्रसेनजित मागे पाहत पाहत धावला. साधनानं वैजयंतीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. गाडी सुटली तेव्हा पुलाच्या जाळीतून वैजयंतीला फक्त डब्यांचा वरचा भाग सरकताना दिसला.

साधनानं तिला दवाखान्यात नेलं, प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी ती हट्टानं घरी आली, कारण दवाखान्याच्या आतल्या वॉर्डात मोबाइलला रेंज नव्हती. अंगणात खाट टाकून उशांच्या आधारानं ती बसून राहिली. फोन पोटावर ठेवलेला. साधना दोन घरं फिरून यायची, पुन्हा बसायची. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून वैजयंतीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिनं कुणाला नवस केला नाही, तिच्या घरात ती रीत नव्हती. ती नुसती स्वतःशी बोलत होती. माझं काय व्हायचं ते होऊ दे, असंही ती म्हणाली नाही. तिला स्वतःलाही जगायचं होतं, आणि त्या दिवशी ते तिला फार स्पष्टपणे कळलं. पोरीचं भोक बुजावं आणि तिला मोठी होताना पाहायला आपण राहावं, दोन्ही हवं होतं. एक मिळेल, दुसरं मिळणार नाही, हे डॉक्टरांच्या बोलण्यातून तिला कळलं होतं. तरी ती मागत होती.

ऊन खाटेवरून सरकून गोठ्याकडे गेलं तेव्हा फोन वाजला. वैजयंतीच्या बोटांना तो उचलता येईना. साधनानं उचलला आणि तिच्या कानाला लावला.

"झालं," प्रसेनजित म्हणाला. मग खडखड झाली आणि निकिताचा जड, झोपाळू आवाज आला, "मम्मी, मले सरळ झोपून राह्य म्हन्तात. पाय हालवू देत नाईत. लय कंटाळा आला."

वैजयंती ओठ हलवत होती. आवाज निघाला नाही. साधनानंच सांगितलं, "तुही मम्मी आयकून राह्यली, बेटा. बोल तू."

त्याला आता बरेच महिने झाले. निकिता पुन्हा खेळू लागली, आधी चालून, मग धावून. वैजयंतीला मात्र आता अंगणापर्यंत जायलाही कुणाचा तरी खांदा लागतो. बोलताना वाक्य मध्येच तुटतं. वाशीमच्या डॉक्टरीणबाईनं प्रसेनजितला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं आहे. त्यानं ते घरी सांगितलं नाही, तरी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लिलाबाई सुनेचं अंग पुसून देते, वेणी घालते, आणि वेणी घालताना केस ओढले गेले की सुनेवरच खेकसते.

परवा किन्हीराजाची एक म्हातारी नातेवाईक भेटायला आली होती. वैजयंती डोळे मिटून पडली होती. ती झोपली आहे असं समजून लिलाबाई दाराशी बसून पाहुणीला वाशीमचं सगळं सांगत होती, दारासमोर कशी बसली, डॉक्टरचा कोट कसा धरला. 

"लय जिद्दीची होती वं आमची सून," लिलाबाई म्हणाली.

खाटेवरून आवाज आला, "होती... काहून म्हन्ता, मामी? अजून... हाय ना मी."

पाहुणी दचकली. लिलाबाई ओशाळून उठली, पदरानं नाक पुसलं आणि चुलीकडे जाता जाता रागानं म्हणाली, "मंग ऊठ. चहा मांडते, गरम घेजो."

वैजयंतीला तिनं पाठीमागून आधार देऊन बसवलं. चहा थंड होऊ नये म्हणून बशीनं झाकून ठेवावा लागला, कारण दोन घोटांमध्ये तिला बराच वेळ थांबावं लागत होतं.